दोन कुलपं आणि एक साहेब

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात मतपत्रिका ठेवायच्या खोलीला दोन कुलपं असतात. एकाची किल्ली एका पक्षाच्या माणसाकडे, दुसऱ्याची दुसऱ्या पक्षाच्या. एकट्यादुकट्याला दार उघडता येत नाही. कुणाचाच कुणावर काडीइतका विश्वास नाही, हे इतक्या प्रांजळपणे मान्य करणारी सरकारी खोली आम्ही तरी दुसरी ऐकलेली नाही.

राज्यात काउंट्या, म्हणजे आपले जिल्हे, ८८. प्रत्येक काउंटीला निवडणूक मंडळ, मंडळात चार जण. दोन ह्यांचे, दोन त्यांचे. ह्यांनी शिंकलं तर त्यांनी रुमाल तपासायचा, असा कारभार. आता चौघांत एखाद्या गोष्टीवरून दोन-दोन झालं, तर? तर कागद वर जातो. वर राज्याचा मुख्य निवडणूक अधिकारी बसलेला असतो. तिकडे त्याला सेक्रेटरी ऑफ स्टेट म्हणतात. तिथे दुसरी किल्ली नाही, दुसरं कुलूप नाही, साहेब एकटेच. आणि साहेब येतात कुठून? निवडणूक लढवून. पक्षाच्या तिकिटावर. मतपत्रिकेवर नावापाशी पक्ष छापून. दाराला दोन कुलपं ठोकली आणि घराला छप्पर घालायचं राहून गेलं!

३ नोव्हेंबर २०२६ला ह्या पदासाठी तिथे पुन्हा राज्यभर मतदान. बरं, ह्या उमेदवारानं आश्वासन तरी काय द्यावं? रस्ते त्याच्याकडे नाहीत, पाणी नाही, शाळा नाहीत. ‘मतं नीट मोजून घेईन’ एवढंच म्हणता येतं, आणि त्यावर टाळी पडत नाही. मग एक म्हणतो, बोगस मतदान बंद पाडीन. दुसरा म्हणतो, मतदानाचा हक्क वाचवीन. दोन्ही सभांतल्या माणसांना ऐकू एकच येतं: वर आपला माणूस पाहिजे. आम्ही कुणाला चोर म्हणत नाही. चोर निदान रात्री येतो. हा भरदिवसा, पत्रकं वाटत, वर्गणी मागत येतो.

पण आमचा खरा राग वेगळाच आहे. ओहायोतल्याच कोलंबसमध्ये स्थायिक झालेला आमचा एक आतेभाऊ डिसेंबरात पुण्यात उतरतो, बाटलीतलं पाणी पितो, रिक्षात बसताना नाकाला रुमाल लावतो आणि आमच्या सोफ्यावर बसून, आमच्याच चकल्या मोडत, आम्हाला लोकशाही शिकवतो. “तुमच्याकडे सगळं माणसांवर चालतं रे. आमच्याकडे सिस्टीम आहे.” म्हटलं, तुमचा निवडणूक अधिकारी पक्षाच्या तिकिटावर येतो ना? “हो, पण लोकांनी निवडून दिलेला असतो. लोकांना जबाबदार असतो.” कुठल्या लोकांना? ज्यांनी त्याला मत दिलं त्यांना. मग ज्यांनी दिलं नाही, त्यांच्या मतांचं काय? “ती काउंटीवाले बघतात.” आणि तिथे दोन-दोन झालं तर? ह्यावर तो चकली जरा जास्तच वेळ चावत राहिला. बरं, त्या चौघांना नेमतं कोण? पक्षांनी नावं सुचवायची, नेमणूक साहेबांनी करायची. “सगळ्या राज्यांत हा अधिकारी निवडून येत नाही,” तो म्हणाला. नाहीच. टेक्सासात, फ्लोरिडात हा अधिकारी गव्हर्नर नेमतो आणि गव्हर्नर पक्षाच्या तिकिटावर आलेला असतो. मेनमध्ये, न्यू हॅम्पशायरमध्ये विधिमंडळ निवडतं, आणि ते काय वारकऱ्यांनी भरलेलं असतं? वर हाच मनुष्य आमच्या सोसायटीच्या निवडणुकीला हसतो. अरे, आमच्या सोसायटीत जो उभा असतो तो निदान मतमोजणीच्या टेबलाशी आला, तर सात नंबरच्या काकू त्याला सगळ्यांदेखत बाहेर काढतात!

आता हिशेबाचं ऐका. राज्यपातळीवरच्या उमेदवारानं प्रचाराला कुणाकडून किती पैसे घेतले, ते ओहायोत दाखल करायचं सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या कार्यालयात. कंपन्यांची नोंदणीही तिथेच. म्हणजे कंपनीच्या मालकानं ज्याच्या दारात नोंदणीला जायचं, त्याच्याच प्रचाराला वर्गणी द्यायची. साहेब पुन्हा उभे राहिले, की साहेबांचा हिशेबही साहेबांच्याच कार्यालयात. त्यात खाडाखोड निघाली तर खुलासा कुणी कुणाकडे मागायचा, एवढंच आम्हाला आतेभावाला विचारायचं होतं. पण तो जेट लॅग आहे म्हणाला आणि उरलेल्या चकल्यांचा डबा घेऊन आत झोपायला गेला.