एक जूनवाले गुरुजी

रेणापूरच्या पिंपळफाट्यावर एका चहाच्या हॉटेलासमोर लाकडी बाक आहे. सकाळी सात ते नऊ त्या बाकावर बसायचं तर माणूस रिटायर झालेला पाहिजे. ही अट गुरुजींची. बाक हॉटेलवाल्याचा आहे, पण तोही गुरुजींचाच विद्यार्थी, त्यामुळे मालकीचा प्रश्न अजून कुणी काढलेला नाही.

गुरुजी 31 मे 2000 रोजी निवृत्त झाले, असं कागद म्हणतो. ते स्वतः तसं कधी म्हणाल्याचं मला आठवत नाही. मे महिन्यात शाळेला सुट्टीच असते, त्यामुळे फरक त्यांच्या लक्षातच आला नसावा. जूनमध्ये शाळा उघडायच्या दिवशी ते इस्त्रीचा सदरा घालून, खिशाला एक निळा आणि एक लाल पेन लावून घराबाहेर पडले. शाळेकडं जाता येईना म्हणून फाट्यावर आले. तिथं चार पेन्शनर रिकामे बसलेले दिसले. गुरुजींना वर्ग मिळाला.

तेव्हापासून बाकावर हजेरी आहे. ही थट्टा नव्हे. शंभर पानी वही आहे, तिला पुठ्ठा घातलेला आहे आणि रकाने लाल पेनानं आखलेले आहेत. ठीक सव्वासातला नावं पुकारली जातात. ग्रामसेवक अप्पा, कंडक्टर मामा, वायरमन काका, सोसायटीचे तात्या, सगळी साठी ओलांडलेली नातवंडवाली माणसं, पण "हजर" म्हणताना अजून अर्धवट उठतात. गैरहजेरीचे प्रकार गुरुजींनी सेवापुस्तकातून जसेच्या तसे आणलेत. मोतीबिंदूचं ऑपरेशन म्हणजे वैद्यकीय रजा. पुण्याला लेकाकडं जाणं म्हणजे प्रतिनियुक्ती. सुनेनं नातवाला सांभाळायला घरी ठेवून घेतलं, तर 'अशैक्षणिक काम', आणि हे लिहिताना गुरुजींचा चेहरा जनगणनेला जुंपलेल्या मास्तरासारखा होतो. कुणी कायमचाच गेला तर नावावर रेघ मारत नाहीत. पुढं 'बदली' लिहितात. कुठं, ते लिहीत नाहीत.

येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, बाक बंद असतो. लातूरचे जिल्हाधिकारी त्या दिवशी स्थानिक सुट्टी जाहीर करतात, ती गुरुजी आदल्या दिवशी वाचून दाखवतात. वायरमन काका एकदा बोलून गेले, "रिकाम्या माणसाला कसली सुट्टी गुरुजी?" त्यांच्या नावापुढं त्या दिवशी लाल शेरा पडला. दुसऱ्या दिवशी दोघंही एकाच शेतात, एकाच कडब्याच्या कोपीपुढं भज्जी खात आणि आंबिल पीत बसलेले दिसले.

आता बाकावरची सगळी मंडळी गुरुजींना एवढी का दबून असतात, ते सांगायला हवं. पूर्वी पोराची जन्मतारीख आईला विचारली की ती सांगायची, "तुरी काढायला आल्त्या तवा." हे दाखल्यावर लिहिता येत नव्हतं. मग पोराचा उजवा हात डोक्यावरून पलीकडं न्यायचा. बोटं डाव्या कानाला लागली की पोरगं सहा वर्षांचं. चालू सालातून सहा वजा करायचे आणि तारीख घालायची 1 जून. गुरुजी 1962 साली नोकरीला लागले, तेव्हापासून त्यांनी अशा किती एक जून लिहिल्या त्याचा हिशेब नाही. सरकारी नियम असा, की ज्याचा जन्म महिन्याच्या एक तारखेचा, तो आदल्या महिन्याच्या अखेरीला निवृत्त होतो. म्हणून आमच्याकडं दरवर्षी 31 मेला हारांचा भाव चढतो. एकाच संध्याकाळी चार-चार निरोप समारंभ, सगळीकडं तेच पाहुणे, तीच शाल. जिनं जन्म दिला तिला दिवस आठवत नव्हता. निवृत्तीचा दिवस मात्र गुरुजींनी पहिलीतच ठरवून टाकला होता.

त्यांची स्वतःची तारीखही 1 जूनच. साल 1942. तीही त्यांच्या गुरुजींनी घातलेली, शाळेत नाव घातलं ते 1948 च्या जूनमध्ये, निजामाच्या राज्यात. सप्टेंबरात राज्यच गेलं, तारीख राहिली. पुढं 1956 ला मुंबई राज्य झालं, 1960 ला महाराष्ट्र, 1982 ला लातूर जिल्हा. ज्या रेणापूर मतदारसंघातून गोपीनाथ मुंडे विधानसभेत जायचे, तोसुद्धा 2009 च्या निवडणुकीला नकाशावरून निवृत्त झाला. गुरुजींची तारीख मात्र हलली नाही. "आमचा हात लांब होता हो," ते सांगतात, "खरं वय चारच असंल. दोन वर्षांचा पगार ह्या हातानं घालवला." 2022 ला मात्र त्याच हातानं भरपाई केली. जूनला कागदावर ऐंशी पूर्ण झाली, मूळ पेन्शन वाढली. आणि 26 ऑगस्टपासून पंच्याहत्तरीपुढच्यांना एसटी फुकट झाली. त्या आठवड्यात गुरुजी काम नसताना तीनदा लातूरला जाऊन आले.

त्यानंतरच्या वर्षीची गोष्ट. 1 जून 2023 ला बाकावरची पाच माणसं एकदम पासष्टीची झाली, म्हणजे अर्ध्या तिकिटाला लागली. गुरुजींनी लगेच लातूरची शैक्षणिक सहल काढली. कंडक्टरनं पाच आधार कार्डं हातात घेतली. 1-6-58, 1-6-58, 1-6-58. तो थांबला.

"जुळी बघितली होती बाबा. हे पाच जण एकदम?"

खिडकीतून गुरुजी म्हणाले, "सगळी माझीच हायत." आणि स्वतःचं कार्ड पुढं केलं. कंडक्टरनं त्यावरची तारीख वाचली, शून्य रुपयाचं तिकीट फाडून दिलं आणि जरा हळू म्हणाला, "माझी बी एक जूनच हाय, गुरुजी."

"शाळा कोणती?" गुरुजींनी विचारलं. वही पिशवीत होतीच.

मध्ये एकदा ते खरंच प्रतिनियुक्तीवर गेले होते. पुण्यात लेकाचा अकराव्या मजल्यावर फ्लॅट आहे. तिकडं 'अथश्री'सारखी खास ज्येष्ठांसाठी बांधलेली संकुलं आहेत. बाकं, बाग, डॉक्टर, सगळं आवारातच. लेकानं एक दाखवायला नेलं. गुरुजींना जागा फार आवडली. फक्त खाली बागेत बसलेल्या मंडळींना त्यांनी जन्मतारखा विचारल्या, तर कुणाची 14 मार्च, कुणाची 9 नोव्हेंबर. "एकाचा बी मेळ नाही. शिस्त कशी लागायची?" बाविसाव्या दिवशी ते फाट्यावर उतरले.

घरी बाई आहेत, गुरुजींच्या पत्नी. पहाटे चहा, आठला दुसरा चहा, बाराला भाकरी, दुपारी वही सापडत नाही म्हणून आरडाओरडा. त्यांचा 31 मे अजून यायचाय.

नोव्हेंबरात मात्र बाकाची किंमत वाढते. हयातीचा महिना. जिवंत असल्याची सही झाली नाही तर पेन्शन थांबते, आणि गावातली निम्मी घरं त्या पेन्शनीवर उभी आहेत. 1 नोव्हेंबर 2005 पासून नोकरीला लागलेल्या पोरांना जुनी पेन्शन नाही. त्यामुळं बाप हाच घरातला कायम कर्मचारी. एरवी ज्याला कोपऱ्यातली खाट, त्याला नोव्हेंबरात स्वेटर, मफलर आणि मोटारसायकलवर मागची जागा मिळते. ग्रामसेवक अप्पांची सून तर त्या महिन्यात वरणात तूपसुद्धा घालते.

गेल्या नोव्हेंबरात गुरुजी सहीला गेले. काउंटरवरच्या पोरीनं यादी फिरवून दिली. "बाबा, तुमची सही झालीय की." गुरुजींनी चष्मा लावला. त्यांच्या नावापुढं भलतीच सही, वेलांटी खाली लोंबलेली. खालच्या ओळीत ग्रामसेवक अप्पांचं नाव आणि पुढं कोरी जागा. म्हणजे अप्पांनी गुरुजींना जिवंत ठेवलं होतं आणि स्वतः राहून गेले होते.

गुरुजींनी यादीवर बोट ठेवलं. "पहिलीपासून सांगतोय ह्याला. ओळ सोडून लिहू नको, ओळ सोडून लिहू नको."

दुसऱ्या दिवशी सव्वासातला हजेरी सुरू झाली. अप्पांचं नाव आलंच नाही. ते उठून उभे राहिले.

"गुरुजी, हजर हाय की मी!"

"बस खाली," गुरुजी पेनाचं टोपण लावत म्हणाले. "वरून दुरुस्ती येऊपर्यंत तुझी हजेरी लावता येत नाही."

अप्पा बसले. चहा मात्र त्यांच्याच नावावर लागला. मी समोरच उभा होतो, बाकावर बसायचा हक्क मला अजून नाही. गुरुजींनी वहीचं पान उलटलं, माझ्याकडं चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "तुझं नाव लिहून ठेवलंय. येत्या 31 मेला, न्हवं का?"