गोल शिक्क्याचा सट्टा

आपल्याकडे ‘सरकारमान्य’ हा शब्द दोन पाट्यांवर हमखास दिसतो. एक देशी दारूच्या दुकानाची, दुसरी टायपिंगच्या क्लासची. पहिल्या ठिकाणी यकृत गेले किंवा दुसऱ्या ठिकाणी परीक्षा गेली, तरी सरकार काही भरून देत नाही. पण पाटी वाचून आत शिरताना पायांत बळ येते. आमच्या मेहुण्यांना, म्हणजे हिच्या थोरल्या बंधूंना, या बळाची फार गरज लागते. सरकारी लेखा शाखेत ३४ वर्षे काढलेला हा माणूस. तीन सह्या आणि गोल शिक्का नसेल, तर घरच्या वाण्याचे बिलसुद्धा ‘त्रुटी पूर्ततेसाठी परत’ असा शेरा मारून धाडणारा. एप्रिलातल्या एका संध्याकाळी ते आले, चहाची कपबशी बाजूला सारली आणि मुदत ठेवीचा व्याजदर विचारावा अशा सुरात म्हणाले,

“दाजी, क्रिकेटवर पैसे लावायचे तर सरकारमान्य ठिकाणी लावावेत की दर्यापारच्या?”

“दादा, लावूच नयेत.”

“ते झालंच. पण लावायचे तर?”

दर्यापारचा सट्टा मोबाइलबरोबर आला, अशी त्यांची समजूत होती. मुंबईला त्याची ओळख त्याच्या कितीतरी आधीची. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात भाव काय उघडला आणि काय बंद झाला, याच्या तारा मुंबईत यायच्या आणि गिरणगावातला माणूस त्या आकड्यांवर चार आणे लावून रात्रपाळीला जायचा. कापूस अमेरिकेचा, भाव अमेरिकेचा, बुडणारा तेवढा स्वदेशी. न्यूयॉर्कहून आकडे येणे थांबले, तेव्हा १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळीत घरचा आकडा काढायला सुरुवात केली आणि दोन वर्षांनी रतन खत्री यांनी आपला वेगळा मटका मांडला. आयात बंद पडताच देशी उत्पादन उभे राहिल्याचे हे उदाहरण अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात का नाही, कळत नाही. १९६९ मध्ये राज्य लॉटरी निघाली आणि आशेच्या या धंद्यात सरकारही गल्ला मांडून बसले.

आता कायद्याकडे वळू. मुंबईचा जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ चा. तो एकदा वाचावा असा आहे. पाऊस पडेल की नाही, पडला तर किती, कापसाच्या भावातले अंक कोणते, यांवर पैजा घेणाऱ्या जागेची त्यात जुगाराचा अड्डा म्हणून दखल आहे. (पाऊस पडेल या भरवशावर घरातले सगळे पैसे बियाण्यात घालणाऱ्याची दखल नाही. त्याला शेतकरी म्हणतात.) घोड्यांच्या शर्यतीला मात्र त्याच कायद्यात सवलत. परवाना असलेल्या आवारात उभे राहून लावा, खुशाल लावा. पुढे १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही निर्वाळा दिला की घोड्यांची शर्यत हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे. वंशावळ, जॉकी, पाठीवरचे वजन, मैदान असा सगळा अभ्यास असतो.

“आणि मी जो खेळपट्टीचा, दवाचा आणि चौथ्या क्रमांकाचा अभ्यास करतो तो?” मेहुणे दुखावून म्हणाले. “म्हणजे घोडा पळाला तर अक्कल आणि फलंदाज पळाला तर नशीब?”

मी म्हटले, “दादा, घोड्याची वंशावळ छापील मिळते.”

हे त्यांना पटले.

पण ‘दर्यापार’ या शब्दाचा खरा अर्थ समजून घ्यायचा तर गोव्याला जावे लागते. तिथे १९९६ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून पत्त्यांचा आणि चक्रीचा जुगार जहाजावर चालेल असे ठरवले. कायद्यातला शब्द ‘ऑफशोअर’. किनाऱ्यापासून दूर. ही दूरची जहाजे मांडवी नदीत नांगर टाकून उभी आहेत आणि पणजीच्या रस्त्यावरून त्यांच्या दिव्यांच्या माळा मोजता येतात. किनारा म्हणजे काय, यावर भूगोलाच्या मास्तरांना कुणी विचारले नसावे. फेब्रुवारी २०२० पासून खुद्द गोव्याच्या रहिवाशाला तिथे खेळायला बंदी आहे. गोंयकाराने काठावरून रोषणाई बघायची आणि घाट उतरून आलेल्या घाट्यांनी होडीत बसून खिसा रिकामा करायला जायचे. धक्का सोडून होडी चार वल्ही पुढे गेली की तोच पत्ता पाप राहत नाही, पर्यटन होतो.

महाराष्ट्राने काय केले? १९७६ मध्ये कॅसिनोचे नियंत्रण आणि कर यांचा कायदा केला. तो अमलात मात्र आणला नाही. २०२३ मध्ये रद्द केला. ४७ वर्षे कायदा होता आणि कॅसिनो एकही नव्हता. हे ऐकून मेहुण्यांचा कंठ दाटून आला. “फाइल प्रलंबित होती म्हणायची,” ते म्हणाले.

खरी निवड करायची सोय आहे ती त्यांच्या मुलाला. तो न्यू जर्सीत, एडिसनला असतो. न्यू जर्सीनेच लढलेल्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०१८ रोजी १९९२ चा बंदीचा कायदा मोडीत काढला आणि महिनाभरात तिथे सामन्यांवर उघड पैसे लागू लागले. त्या रविवारी व्हिडिओ कॉलवर मेहुण्यांनी मुलाची तोंडी परीक्षाच घेतली. सरकारमान्य ठिकाणी वयाची २१ वर्षे पूर्ण हवीत. फोन राज्याच्या हद्दीत आहे ना, हे तपासतात. जाहिरातीत व्यसनमुक्तीचा १-८००-गॅम्बलर हा नंबर देतात, म्हणजे आपल्याकडे बाटलीवर इशारा छापतात तसे. देशभरातल्या कॉलेजांच्या संघांवर पैसे लावता येतात, फक्त न्यू जर्सीतल्या कॉलेजांवर नाही. ही अट काढायची का, असे २०२१ मध्ये मतदारांना विचारले, तर मतदार नको म्हणाले. शेजारच्या गावची पोरे हरोत की जिंकोत, आपल्या पोरांवर बोली नको.

“आणि जिंकलं तर?” मेहुण्यांनी मुद्द्याला हात घातला.

मुलगा जरा कुरकुरला. कुणी सारखा जिंकायला लागला की कंपनी त्याची मर्यादा खाली आणते. काल ५०० डॉलर लावणाऱ्याला आज ५ डॉलरच लावू देतात. हरणाऱ्याला असा त्रास होत नाही. शिवाय २०२६ पासून जिंकलेल्या रकमेतून हरलेल्या रकमेची वजावट ९० टक्केच मिळते. वर्षभरात एक लाख डॉलर जिंकले आणि एक लाख हरले, म्हणजे हातात शून्य आले, तरी १० हजारांवर कर भरायचा.

मेहुण्यांच्या डोळ्यांत पाणी आले. “हा नियम आपल्या लेखा शाखेतून गेलेल्या माणसाने केला असणार.”

“आणि तिकडचे दर्यापारचे?” मी विचारले.

ते कोस्टा रिका, अँटिग्वा अशा ठिकाणांहून चालतात. तिथे कराची कटकट नाही, मर्यादेची नाही, कॉलेजची नाही. पैसे परत मिळतील का, एवढी एकच बाब अनिश्चित. तिथे ते देतील की नाही यावर वेगळा सट्टा लावायला हवा.

आपल्या सरकारने नागरिकाला या निवडीच्या तापातून मोकळे केले. २० ऑगस्ट २०२५ ला लोकसभा, २१ ला राज्यसभा, २२ ला राष्ट्रपतींची सही. कौशल्य आणि नशीब यांचा दीडशे वर्षांचा वाद तीन दिवसांत मिटला. पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ बंद. भारतीय क्रिकेट संघाच्या छातीवर झळकणारे अशाच एका खेळाच्या कंपनीचे नाव महिनाअखेर उतरले. दोन आठवडे होतात न होतात तोच जीएसटी परिषदेने सट्टा, घोडे, लॉटरी, कॅसिनो यांच्यावर ४० टक्के कर ठरवला आणि त्या यादीत नुकताच बंद केलेला ऑनलाइन खेळही घातला. मयताच्या नावाने घरपट्टी वाढवून ठेवावी तसे. देशी दुकाने प्रामाणिकपणे बंद झाली. दर्यापारच्यांना तो कागद पोचला नसावा.

मी हे सगळे सांगितल्यावर मेहुणे “पटलं” म्हणून उठले. मला वाटले विषय संपला.

मेअखेर ते पुन्हा आले आणि चहाला नको म्हणाले. तेव्हाच मी ओळखले.

व्हॉट्सअ‍ॅपवर एक नंबर मिळाला होता. त्याला सट्ट्याच्या साइटचा ‘आयडी’ मागायचा, की तो देतो. साइटच्या तळाशी क्युरासाओ नावाच्या बेटाचा परवाना क्रमांक होता. क्युरासाओ कॅरिबियन समुद्रात आहे, वस्ती दीड लाखाच्या आसपास, म्हणजे आपल्याकडचे एखादे जिल्ह्याचे गाव. फुटबॉलच्या विश्वचषकाला पात्र ठरलेला हा सर्वांत कमी वस्तीचा देश, हे मेहुण्यांना माहीत नव्हते. आपण त्याच्या भरवशावर का बसलो, याचे कारण मात्र त्यांच्याकडे तयार होते.

“शिक्का होता, दाजी.”

“दादा, तुम्ही तर तीन सह्यांशिवाय...”

“गोल होता.”

पैसे भरायचे ते यूपीआयवर आणि नाव रोज वेगळे. सोमवारी कुठले तरी किराणा भांडार, मंगळवारी ब्युटी पार्लर, बुधवारी एक इसम. असे २२ हजार गेले. एकदाच ‘सेशन’ची पैज लागली आणि १,९०० रुपये चार मिनिटांत खात्यात आले. मेहुण्यांनी सगळ्या गावाला सांगितले, बघा, तिथे दिरंगाई नाही. आठवड्याने बँकेतून निरोप आला की ज्या खात्यातून ते १,९०० आले, त्याच्याविरुद्ध दुसऱ्या राज्यात फसवणुकीची तक्रार आहे. सबब आपले खाते गोठवण्यात येत आहे. खाते पेन्शनचे.

“दिल्लीच्या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षाच नाही,” मेहुणे म्हणाले. “तिथं मी पीडित आहे. बँकेत मात्र संशयित. दोन्ही प्रस्ताव एकाच वेळी कसे मंजूर होतात?” मग त्यांनी पिशवीतून कोरा फुलस्केप कागद काढला. “तुमचं मराठी चांगलं आहे. अर्ज लिहून द्या.”

मी लिहायला घेतले: ‘महोदय, दि. ११ मे रोजी माझ्या बचत खात्यात जमा झालेले रु. १,९०० हे’

आणि पेन अडले. उसने दिलेले परत आले म्हणावे, तर ब्युटी पार्लरला मेहुण्यांनी पैसे उसने का दिले होते, हे आधी वहिनींना सांगावे लागेल. कौशल्याचे बक्षीस म्हणावे, तर ते ऑगस्ट २०२५ लाच बाद झाले. पावसावर जिंकले म्हणावे, तर १८८७ चा कायदा आडवा येतो.

“घोड्याचे लिहा,” मेहुणे एकदम म्हणाले. “घोडा कायदेशीर आहे.”

“दादा, मुंबईचा मोसम एप्रिलात संपतो आणि पुण्याचा जुलैत सुरू होतो. अकरा मेला मुंबई-पुण्यात एकही घोडा कौशल्य दाखवत नव्हता.”

त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा लावला आणि अर्ध्या वाक्यावर अडलेला माझा कागद तपासनिसाच्या नजरेने वरून खाली पाहिला.

“तूर्त ‘हे’च्या पुढे जागा मोकळी सोडा,” ते म्हणाले. “सही मी खाली करतो. त्रुटी पूर्तता नंतर बघू.”