पायरी नसलेलं घर

अमेरिकेतल्या मुलानं व्हॉट्सअ‍ॅपवर माहितीपत्रक पाठवलं. ‘तळ्याकाठी, खास ज्येष्ठांसाठी!’ चित्रात पांढऱ्या केसांचं जोडपं पाण्याकडे बघून हसतंय. चाळीस वर्षं संसार केलेली माणसं एकाच गोष्टीला एकाच वेळी हसत नाहीत, अशी शंका हिला आली. माझी शंका वेगळी. पाण्याच्या इतक्या जवळ बांधू दिलं कसं?

शेजारी एक निवृत्त तहसीलदार राहतात. नोकरीत वेळ मिळाला नाही, म्हणून नियम आता वाचतात. ते म्हणाले, पाणथळ जागांचे २०१७ चे केंद्रीय नियम आहेत. पूरपातळीपासून ५० मीटरच्या आत पक्कं बांधकाम नाही, नावेच्या धक्क्याला तेवढी मुभा. मला हायसं वाटलं.

“थांबा, पूरपातळी कुठली? नियम लागू झाले त्याच्या आधीच्या दहा वर्षांतली. तीही सरासरी.”

म्हणजे २००७ ते २०१७. माझ्या लहानपणी याच तळ्याचं पाणी मारुतीच्या पायरीला लागायचं, मी डोळ्यांनी पाहिलंय. पण ज्येष्ठांच्या घरांसाठी ज्येष्ठांची आठवण ग्राह्य नाही.

“असती तरी काय? तुमचं तळं हे तळंच नाही,” तहसीलदार म्हणाले. पिण्याच्या पाण्यासाठी, सिंचनासाठी, मासे पाळायला, फार काय करमणुकीसाठी माणसानं मुद्दाम केलेला जलाशय या नियमांत पाणथळ धरत नाहीत. आमचं तळं शेतीसाठी बांध घालून केलेलं. संपला विषय. पवईचंही तसंच. १८९१ चं, मुंबईला पाणी पाजायला बांधलेलं. पुढे ते पाणी पिण्यालायक राहिलं नाही, नोकरी गेली, पण सेवापुस्तकातली जन्मनोंद कायम. तिथल्या बगळ्यांना आणि मगरींना हे कुणी कळवलेलं नाही. ते बिचारे अजून तळं समजूनच राहतात.

विकास आराखड्यात हिरवा पट्टा असतोच की, असं मी क्षीण आवाजात म्हणालो. असतो. नकाशावर हिरवा, झोन दाखल्यावर हिरवा, आणि सगळ्यात हिरवागार माहितीपत्रकात: ‘समोर कायमची मोकळी जागा’. तिकडे बंगळुरात हरित लवादानं २०१६ साली तळ्यांभोवती ७५ मीटर सोडायला सांगितले. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते रद्द करून आराखड्यातले ३० परत आणले. दोन्ही सुनावण्यांना पाणी गैरहजर होतं.

म्हाताऱ्यांचं माप मात्र पक्कं आहे. महारेरानं २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांना अटी घातल्या. दार किमान ९०० मिलिमीटर रुंद. एका तरी लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावलं पाहिजे. न्हाणीघरात धरायला दांडे, खाली न घसरणारी फरशी. व्हीलचेअर अडू नये म्हणून पायरी नको, उतार हवा. चांगल्या अटी आहेत, टिंगल करवत नाही. गुडघे माझेही दुखतात. एवढंच, की पायरी नसलेल्या घरात पाणीही न अडखळता येतं.

२०२३ च्या सप्टेंबरात नागपूरला अंबाझरी तलाव ओसंडला, तेव्हा मध्यरात्री झोपलेल्या घरांत पाणी असंच शिरलं. लष्कराला बोलवावं लागलं. तो तलावही माणसानंच बांधलेला, म्हणजे नियमाच्या बाहेरचा. आणि आत असता तरी २०२३ साल त्या दहा वर्षांत बसत नाही. पुराने जरा लवकर यायला हवं होतं.

शेवटी विक्री विभागात फोन लावला. पावसाळ्यात पाणी कुठवर येतं, विचारलं. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, “काका, आपल्याकडे सगळ्या मजल्यांवरून पाणी दिसतं. तळमजल्यावर तर अगदी जवळून.” तळमजला ज्येष्ठांना सोयीचा, म्हणून त्याचा दरही जास्त. साइट बघायला मे महिन्यात या, पिकअपला गाडी पाठवते, म्हणाली.

तुमच्याही मुलानं हे पत्रक पाठवलं असेल, तर एक विनंती. मेमध्ये जाऊ नका. जुलैच्या शेवटी जा, गमबूट घालून, आणि गाडी त्यांचीच न्या.