पालकराव शाळेत जातात

पालकरावांना आईवडिलांनी ठेवलेलं एक नाव आहे, पण मूल झाल्यापासून ते कुणी वापरत नाही. लोकांच्या फोनमध्येही ते ‘अमकीचे बाबा’ म्हणूनच असतात. वय पस्तीस ते चाळीस. मुक्काम कोथरूड, बाणेर किंवा ठाण्याचा घोडबंदर रोड. व्यवसाय संगणकाचा, अपत्य एक. स्वतःचं शिक्षण स्टेट बोर्ड, मग इंजिनिअरिंग, मग एमबीए. आणि यातल्या एकाबद्दलही चांगलं बोलायचं नाही, असा नेम. ‘त्या सिस्टिमने माझ्यातली क्रिएटिव्हिटी मारली,’ हे वाक्य ते ज्या गॅलरीत उभं राहून म्हणतात, त्या गॅलरीसकट अख्ख्या फ्लॅटचे हप्ते त्याच सिस्टिमने मिळवून दिलेल्या पगारातून जातात. हे त्यांना शेजाऱ्यांनी सांगायचं नसतं. ते काम सौ. पालकराव करतात.

कन्या अडीच वर्षांची आहे. नर्सरीला ३१ डिसेंबरअखेर तीन वर्षं पूर्ण हवीत, हा सरकारी हिशेब. पालकरावांच्या हिशेबाने आपल्याला आधीच तीन वर्षं उशीर झालेला आहे. म्हणून त्यांनी एक एक्सेल शीट केलं. त्यात शाळेचं नाव, घरापासूनचं अंतर, फी आणि बोर्ड हे रकाने कुणीही घालील. पालकरावांच्या शीटमध्ये पुढे तत्त्वज्ञान, तत्त्वज्ञ, तत्त्वज्ञाचा देश, मुलांना मातीत खेळू देतात का, आणि माती कुठली, असेही रकाने आहेत.

पहिला महिना मारिया माँटेसरींचा होता. मुलाला स्वतः उतरता-चढता आलं पाहिजे म्हणून कन्येच्या पलंगाचे पाय कापले गेले. मुलांच्या हाती खऱ्या वस्तू द्याव्यात, फुटल्या तर फुटू द्याव्यात, त्यातूनच मूल जपायला शिकतं, असं त्या पद्धतीत मानतात. म्हणून खालच्या फळीवर काचेचे कप आले. कन्या जपायला शिकेपर्यंत घरातली मोठी माणसं स्टीलच्या पेल्यातून चहा पिऊ लागली. मग गुलाबी मनोरा आला: एक सेंटीमीटरपासून दहा सेंटीमीटरपर्यंत चढत जाणारे दहा ठोकळे. त्यातला सगळ्यांत लहान ठोकळा कन्येने दुसऱ्याच दिवशी गॅलरीतून खाली सोडला. त्या रात्री पालकराव टॉर्च घेऊन पार्किंगमध्ये वाकलेले आणि नऊ ठोकळ्यांनी दशमान पद्धत का कळत नाही हे वॉचमनला समजावताना आम्ही सगळ्यांनी पाहिले.

दुसऱ्या महिन्यात रुडॉल्फ स्टायनर आले. दुधाचे दात पडायला लागेपर्यंत, म्हणजे साधारण सातव्या वर्षापर्यंत, अक्षरओळखीची घाई करू नये, हे त्यांचं मत. सँडपेपरची माँटेसरी अक्षरं माळ्यावर गेली. प्लॅस्टिकची खेळणी कामवाल्या मावशींच्या नातवाला मिळाली, तो अजून दुवा देतो आहे. त्या जागी लाकूड, लोकर आणि एक चेहरा नसलेली कापडी बाहुली आली. हसू आणि रडू मुलाने आपल्या कल्पनेने भरायचं असतं, म्हणून तिला नाकडोळे नव्हते. संध्याकाळच्या वेळी तिच्याकडे बघून आजींच्या काळजाचं पाणी झालं. सकाळपर्यंत बाहुलीला बॉलपेनचे डोळे आले होते आणि कपाळाला टिकली होती.

या दोन महिन्यांत खरे हाल झाले ते चिमणी-कावळ्याच्या गोष्टीचे. आजी ती रोज रात्री सांगत. माँटेसरीबाईंना लहान मुलांना आधी वास्तवाची ओळख व्हावी असं वाटे, परीकथांचं त्यांना फारसं कौतुक नव्हतं. त्यामुळे पहिल्या महिन्यात गोष्ट बंद. ‘आई, कावळा कधी दार वाजवतो का?’ असा युक्तिवाद झाला. दुसऱ्या महिन्यात गोष्ट सक्तीची. स्टायनरच्या बालवाडीत एकच गोष्ट कितीतरी दिवस त्याच शब्दांत सांगतात. वर, चिमणीचं घर मेणाचं असतं हे आठवून पालकराव मोहरून गेले, कारण स्टायनर शाळेतले खडूसुद्धा मधमाशीच्या मेणाचे असतात. ‘अरे, मी दुसरं काय करत होते?’ एवढंच आजी म्हणाल्या. पालकरावांनी ते शीटमध्ये ‘पारंपरिक ज्ञान’ या नव्या रकान्यात घातलं.

तिसरा महिना रेज्जो एमिलियाचा. इटलीतल्या या गावाजवळच्या लोकांनी दुसरं महायुद्ध संपल्यावर जर्मन सैन्याने मागे टाकलेला रणगाडा, ट्रक आणि घोडे विकले आणि त्या पैशांतून मुलांसाठी शाळा उभी केली. पालकराव इतके भारावले की सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत त्यांनी ठराव मांडला: पार्किंगमध्ये वर्षानुवर्षं धूळ खात पडलेली बेवारस मारुती विकावी आणि बालकेंद्र काढावं. गाडी बेवारस नव्हती. मालक तिसऱ्या रांगेत बसले होते.

मग जे. कृष्णमूर्ती. मुलांची एकमेकांशी तुलना करू नये, तुलनेतून भीती जन्मते, हा त्यांचा आग्रह पालकरावांच्या अगदी मनात उतरला. तुलना न करणाऱ्या सगळ्या शाळा त्यांनी एका तक्त्यात घेतल्या आणि दहापैकी गुण देऊन तुलना केली. एका रविवारी सगळं कुटुंब गाडीत घालून राजगुरुनगरजवळची कृष्णमूर्तींच्या विचारांवर चालणारी सह्याद्री स्कूलही बाहेरून पाहून आले. ती निवासी शाळा. अडीच वर्षांच्या मुलीसाठी तिथे काही नाही, हे त्यांना निघतानाच ठाऊक होतं. ‘परिसर तरी अनुभवू’ म्हणाले. कन्येने तो झोपून अनुभवला.

गांधीजींच्या नई तालीमचाही एक आठवडा झाला. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत मांडलेली ती योजना म्हणजे हातांनी उत्पादक काम करता करता शिकणं. पालकरावांनी ऑनलाइन टकळी मागवली आणि नळ गळत होता म्हणून प्लंबरला फोन केला. होमस्कूलिंग मात्र तीनच दिवस टिकलं. जॉन होल्ट वाचून ते बैठकीच्या खोलीत आले आणि शाळा या संस्थेवर त्यांनी अर्धा तास कडाडून हल्ला केला. सौ. पालकरावांनी सगळं ऐकून घेतलं. ‘पटलं,’ त्या म्हणाल्या, ‘घरी कोण थांबणार?’ तो विषय तिथेच मिटला.

प्रत्यक्ष शाळा बघायला जाताना पालकरावांच्या बॅगेत ‘तोत्तोचान’ असतं. रेल्वेच्या डब्यांत भरणाऱ्या जपानी शाळेची ती गोष्ट वाचून डोळे न पुसलेला पालक या वर्तुळात उभा करत नाहीत. एका मुख्याध्यापिकाबाईंना त्यांनी हळूच विचारलं, ‘तुमच्याकडे डब्याची काही कल्पना आहे का?’ बाई म्हणाल्या, ‘आहे ना. पोळी-भाजी. बिस्किटं, वेफर्स चालत नाहीत.’

शिक्षणहक्क कायद्याच्या तेराव्या कलमाने प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची मुलाखत घ्यायला शाळांना मनाई आहे. पालकांनी शाळेची मुलाखत घ्यायला मात्र कायद्यात कुठेही मनाई नाही, आणि या पळवाटेत पालकराव तासतासभर बसतात. ‘स्पर्धेकडे आपण कसं पाहता?’, ‘चुकलेल्या मुलाशी शाळा नेमकं काय बोलते?’, ‘समरहिल शाळेत १९२१ पासून तासाला बसणं ऐच्छिक आहे, आपली भूमिका?’ बाई उत्तरं देतात. परीक्षा नाही, नंबर नाही, गृहपाठ नाही, हे ऐकून पालकरावांचा चेहरा उजळत जातो. निरोप होतो. मग व्हरांड्यात खाली बसून बुटाची नाडी बांधताना, वर न बघता, ते शेवटचा प्रश्न विचारतात: ‘आणि दहावीचा निकाल साधारण किती लागतो?’

सगळे पालकराव या नाडीत अडकलेले आहेत. मूल मुक्त वाढावं आणि मुक्त वाढून पंच्याण्णव टक्के पाडावेत, एवढीच त्यांची अपेक्षा असते. त्यांच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे असलेले पालकराव सोसायटीत आहेतच. त्यांची मुलं सातवीपर्यंत गांडूळखत करत होती, आठवीत एकाएकी ‘फाउंडेशन’च्या क्लासला लागली. ‘झाडावर चढायला शिकला ना, आता जेईईला तेच उपयोगी पडतं,’ असं ते सांगतात. कसं ते सांगत नाहीत.

माध्यमाचा प्रश्न तर याहून नाजूक. शोध घेता घेता पालकरावांच्या लक्षात आलं, की महाराष्ट्रात ज्या प्रयोगांबद्दल आदराने बोललं जातं त्यांतले बरेच मराठीतून झाले आहेत: कोल्हापूरला लीलाताई पाटलांचं सृजन आनंद विद्यालय, फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी उभं केलेलं कमला निंबकर बालभवन, पुण्यात अक्षरनंदन. अमेरिकेतून आलेल्या बाईंनी फलटणला राहून मुलांना मराठी वाचायला शिकवलं, हे वाचून पालकराव गहिवरले. मातृभाषेतून शिक्षण हेच शास्त्रीय आहे, असं त्यांनी मला सलग वीस मिनिटं पटवून दिलं. संपूर्ण इंग्रजीत. मध्येच कन्येला म्हणाले, ‘बेबी, डोन्ट टच, हात भाजेल.’

आजोबा या सगळ्यात फारसं बोलत नाहीत. त्यांना शाळेत घालायचं ठरलं तेव्हा मास्तरांनी उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावला. कान हाती लागला, प्रवेश झाला. जन्मतारीख घरात कुणाला आठवत नव्हती, म्हणून मास्तरांनी १ जून लिहिली. वर्गातल्या निम्म्या पोरांचा वाढदिवस त्याच दिवशी असे. ‘आमची शाळा शिक्षण द्यायची आणि जन्मतारीखसुद्धा द्यायची,’ आजोबा म्हणतात. ‘आणि फी?’ असं पालकराव विचारत नाहीत, कारण उत्तर ऐकून त्या दिवशी त्यांना जेवण जात नाही.

मला या प्रकरणात एकाच गोष्टीची गंमत वाटते. पालकराव ज्यांची नावं घेतात, त्यांतली बरीच माणसं कुणी न विचारलेल्या मुलांच्या मागे गेली होती. माँटेसरीबाईंचं पहिलं बालगृह १९०७ साली रोममधल्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत उघडलं. आईबाप कामावर गेले की तिथली मुलं चाळींच्या जिन्यांवर उनाडत असत. स्टायनरची पहिली शाळा १९१९ साली श्टुटगार्टमध्ये निघाली, ती वाल्डॉर्फ-अस्टोरिया सिगारेट कारखान्यातल्या कामगारांच्या मुलांसाठी. आपल्याकडे ताराबाई मोडक १९४५ मध्ये शहर सोडून बोर्डीला गेल्या आणि पुढे अनुताई वाघांबरोबर कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये राहिल्या. महागडी साधनं परवडत नव्हती, म्हणून शंख-शिंपले, बिया, खडे, पानं यांची साधनं केली. मुलं गुरं राखायला जायची, शाळेत येऊ शकत नव्हती, म्हणून शाळाच उठून कुरणात गेली. तिला कुरणशाळा म्हणत. तेव्हा शाळा मुलांना हुडकत हिंडायची, आता पालकराव शाळेला हुडकत हिंडतात, आणि वाटेत कुठेतरी त्या बिया-शिंपल्यांची किंमत वर्षाला लाखाच्या पुढे गेली.

हे सगळं मी पालकरावांना एकदा सविस्तर सांगितलं. गुरं, कुरण, शिंपले ऐकताना त्यांचे डोळे पाणावले. बराच वेळ गप्प राहून ते म्हणाले, ‘अप्रतिम. यांची बाणेरला ब्रँच आहे का?’

शेवटी एक शाळा पसंत पडली. लहान, साधी, मराठीच, मागे चिंचेचं झाड असलेली. पण पालकरावांसारखे आणखी पुष्कळ जण तिथे आले होते आणि जागा थोड्या होत्या, म्हणून शाळेने सोडत काढली. देशोदेशींची तत्त्वज्ञानं आणि चौदा रकाने बाजूला राहिले. बालवर्गातल्या एका शेंबड्या मुलाने बरणीत हात घातला, कन्येची चिठ्ठी निघाली. तो मुलगा माँटेसरीचा की स्टायनरचा, हे पालकरावांनी त्या क्षणी विचारलं नाही.

मग पालकसभा झाली आणि शाळेने आपल्या अपेक्षा सांगितल्या. घरात कार्टून नको. वाढदिवसाला रिटर्न गिफ्ट नको. शिकवणी नको. ‘आज काय शिकवलं?’ असं रोज विचारायचं नाही. महिन्यातल्या एका शनिवारी पालकांनी येऊन अंगण सारवायचं, बाकं दुरुस्त करायची. पालकरावांनी सगळं वहीत उतरवून घेतलं, दोनदा हात वर केला आणि तिसऱ्यांदा हात वर न करताच बोलले. पहिल्या शनिवारी त्यांनी हातोडी धरण्याच्या तीन पद्धतींवर बाकीच्या बाबांना माहिती दिली. खिळा एका आजीबाईंनी ठोकला.

कन्या आठवडाभरात रुळली. सकाळी चप्पल अडकवते, फाटकाशी आली की बाबांचा हात सोडते आणि मागे न बघता आत जाते. पालकराव तिथेच उभे राहतात. कधी कुंपणातून, कधी ‘पाण्याची बाटली राहिली’ म्हणून थेट वर्गात. या शाळेत प्रगतिपुस्तक नसतं, त्यामुळे सहामाहीला सौ. पालकरावांना बोलावणं आलं तेव्हा त्या जरा घाबरूनच गेल्या. मुलीबद्दल काही तक्रार नव्हती. बालवर्गाच्या ताई समजुतीच्या सुरात म्हणाल्या, ‘मिस्टर तुमचे हुशार आहेत हो. पण वर्गात फार बोलतात, आणि घरी जायला बघत नाहीत. आपण घाई नको करू या. रुळतील हळूहळू.’