अलेक्साबाईंची समजूत कशी काढावी

घरातला बोलका स्पीकर बोलेनासा झाला, तर सर्वप्रथम त्याच्यावर ओरडणे थांबवावे. कंपनीच्या माहितीपत्रकात ही सूचना सापडत नाही. समोरच्याला कळले नाही तर तेच वाक्य दुप्पट आवाजात म्हणावे, ही आपल्याकडे ट्रंककॉलच्या काळापासून चालत आलेली पद्धत माहितीपत्रक लिहिणाऱ्याच्या कानावर गेलेली नसावी. ओरडण्याने शब्द फाटतात आणि यंत्राला ते अधिकच कळेनासे होतात. शिवाय शेजारचे डोकावतात ते वेगळेच.

प्रस्तुत मार्गदर्शन हे जेथे स्पीकर मुलाने दिवाळीत पाठवला आहे आणि मुलगा स्वतः बेंगळुरूला आहे, अशा घरांसाठी आहे. स्पीकर स्वतःच्या पैशाने घेतलेल्यांना यातला निम्मा भाग लागू नाही. त्यांनी तो शेजाऱ्यांना समजावून सांगण्यापुरता वाचावा.

आधी दिव्याचा रंग पाहावा. अलेक्साच्या कड्यात निळा दिवा म्हणजे बाई ऐकत आहेत. नारिंगी गोल फिरत असेल तर त्या नव्याने ओळख करून घ्यायला बसल्या आहेत. पिवळा धडधडत असेल तर काहीतरी निरोप आहे, आणि तो बहुधा आपण मागवलेले पार्सल निघाल्याचा असतो. लाल दिव्याबाबत मात्र घरोघरी गैरसमज आहे. टीव्ही बंद असताना त्याच्या कोपऱ्यात लाल ठिपका दिसतो, म्हणून लाल म्हणजे बंद, असे आजी धरून चालतात. वास्तविक स्पीकर चालू असतो, फक्त त्याचा माइक बंद असतो. तो कोणी बंद केला, याचा तपास करू नये. सकाळी फडके मारताना वरचे बटण दाबले गेलेले असते आणि फडके कोणी मारले हे घरात सर्वांना ठाऊक असते. बटण पुन्हा एकदा दाबावे व विषय तेथेच मिटवावा. निम्म्या तक्रारी इथेच संपतात, आणि मग पुढचे वाचण्याची गरज उरत नाही.

दिवा ठीक असेल तर जागा तपासावी. शोकेसच्या काचेआड, मिक्सरशेजारी, फ्रिजच्या डोक्यावर भिंतीला अगदी चिकटून, या तीन ठिकाणी मराठी घरात स्पीकर आढळतो आणि तिन्ही चुकीची आहेत. भिंतीपासून वीतभर अंतर असावे. अनेक मॉडेलांत माइक वरच्या अंगाला असतात, तेव्हा धूळ बसू नये म्हणून घातलेला क्रोशाचा रुमाल काढावा. या सूचनेला घरातून विरोध होईल. रुमाल कोणी विणला आहे यावर तडजोडीची शक्यता अवलंबून असते. मावशीने विणलेला असेल तर स्पीकर बदलणे सोपे.

टीव्हीजवळही ठेवू नये. जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकेत सॅन डिएगोच्या एका वृत्तनिवेदकाने बातमी सांगितली, की टेक्सासमधल्या सहा वर्षांच्या मुलीने अलेक्साकडून बाहुलीघर मागवले. बातमी सांगताना त्याने ते वाक्यही उच्चारले, आणि प्रेक्षकांच्या घरचे स्पीकर टीव्हीतला हुकूम ऐकून बाहुलीघर मागवायला सरसावले. आपल्या मालिकांतल्या सासवा दिवसातून किती हुकूम सोडतात याचा विचार करता, सोफ्याची दुसरी बाजू बरी.

आता वायफाय. या डब्यात अक्कल असते ती मुख्यतः स्वतःचे नाव ओळखण्यापुरती. हाक ऐकली की पुढचे वाक्य तो इंटरनेटवरून दूरच्या संगणकांकडे पाठवतो, तिथून उत्तर येते आणि ते तो आपलेच असल्यासारखे सांगतो. (कचेऱ्यांत हयात घालवलेल्यांना ही व्यवस्था परिचित वाटेल.) म्हणून वायफाय गेले की तो निरुत्तर होतो. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते तेव्हा इन्व्हर्टरवर पंखा, दिवा आणि स्पीकर चालू राहतात, आणि राउटर बंद पडतो, कारण इन्व्हर्टर बसवला त्या वर्षी राउटर कोणाच्या ध्यानीमनी नव्हता. स्पीकर बिचारा जागा असतो, पण विचारायला जाणार कोणाकडे?

वीज आल्यावर क्रम पाळावा. राउटर आधी, मग दोन-तीन मिनिटांचा धीर, मग स्पीकर. राउटरचे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोन पट्टे असतात, त्यातला ५ वेगवान पण भिंतीपुढे हार मानणारा, तेव्हा जुन्या बिल्डिंगच्या जाड भिंतींत २.४ ला जोडावे. आणि वायफायवाला मुलगा राउटर बदलायला आला, तर चहा देण्याआधी त्याच्याकडून एक गोष्ट करून घ्यावी: नव्या राउटरला जुन्याचेच नाव आणि जुनाच पासवर्ड. एवढे केले तर घरातले सगळे ‘स्मार्ट’ प्रकार आपापले जोडले जातात. न केल्यास बल्बापासून गीझरच्या प्लगापर्यंत एकेकाची मनधरणी करावी लागते. ही या लेखातली सर्वांत मौल्यवान सूचना आहे आणि ती कोणीही पाळणार नाही, कारण मुलगा दुपारी येतो आणि दुपारी घरात सगळे झोपलेले असतात.

कधी दोष घरात नसतोच. १४ डिसेंबर २०२० रोजी गूगलच्या सेवा जवळपास पाऊण तास बंद पडल्या आणि कित्येकांना तोंडी हुकमाने दिवे लावता येईनात. २० ऑक्टोबर २०२५ ला, म्हणजे आपल्या नरक चतुर्दशीच्या दुपारी, व्हर्जिनियातली अॅमेझॉनची यंत्रणा कोलमडली आणि अलेक्सासह अनेक सेवा ठप्प झाल्या. तेव्हा काहीही उघडण्यापूर्वी गॅलरीत जाऊन ‘तुमची बोलते का हो?’ असे समोरच्यांना विचारावे. समोरचीही गप्प असेल तर निश्चिंत मनाने चिवडा खावा.

हे सगळे करून भागले नाही तर रीस्टार्ट करावे. रीस्टार्ट आणि रीसेट यांत फरक आहे, आणि तो घरातल्या सर्वांना बटणाला हात लावण्यापूर्वी समजावून सांगावा. रीस्टार्ट म्हणजे प्लग काढून थोडा वेळ थांबून परत लावणे. प्लग सोबत आलेल्या अॅडाप्टरचाच असावा. दिराच्या जुन्या मोबाइलचा चार्जर ‘बसतो ना’ म्हणून लावू नये. रीसेट म्हणजे स्मृतिभ्रंश. वायफाय, रिमाइंडर लावणारे खाते, खोलीचे नाव, सगळे स्पीकरच्या मनातून जाते.

रीसेट करायचेच ठरले, तर तिसऱ्या पिढीच्या इको डॉटवर अॅक्शनचे बटण २५ सेकंद दाबून धरावे, चौथ्या पिढीवर २०. गूगलच्या नेस्ट मिनीला आधी कडेच्या खटक्याने माइक बंद करावा आणि मग वर मधोमध बोट टेकवून आवाज येईपर्यंत, साधारण १५ सेकंद, धरून ठेवावे. सेकंद मोजताना घोळ होतो. आजीच्या चालीत ‘शुभं करोति’ म्हटल्यास २५ सेकंद बरोबर भरतात. नातवाच्या चालीत ते आठात संपते आणि रीसेट अर्धवट राहते. मोजणाऱ्याला मध्येच कोणी हाक मारू नये. दारावरची बेल वाजली तरी बोट उचलू नये.

नारिंगी दिवा फिरू लागला की फोनवरचे अॅप उघडावे. ब्लूटूथ आणि लोकेशन चालू असावे. अॅप लॉगिन मागेल, लॉगिन ओटीपी मागेल, आणि ओटीपी बेंगळुरूला जाईल. मुलगा मीटिंगमध्ये असेल. तो सहा वाजता ओटीपी पाठवेल, तोवर त्याची मुदत संपलेली असेल. सातला दुसरा येईल, तेव्हा बाबा फिरायला गेलेले असतील आणि फोन त्यांच्या खिशात असेल.

येथे या शास्त्राचा गाभा येतो. घरातले लोक ज्याला स्पीकरचा बिघाड म्हणतात, तो बहुतेक वेळा मालकीचा प्रश्न असतो. स्पीकर हॉलमध्ये असला तरी नांदतो मुलाच्या खात्यात. आईने सांगितलेली कोथिंबीर, आले, अर्धा किलो रवा ही यादी मुलाच्या फोनवर उमटते. आणि बाबा दुपारी हळू आवाजात जे विचारतात, म्हणजे शुगर असताना हापूस किती चालतो, बीपीची गोळी चुकली तर काय होते, तेही अॅपमधल्या आवाजाच्या इतिहासात तारखेनिशी जमा होते. रात्री मुलाचा फोन येतो आणि तो सहज विचारावे तसे विचारतो, ‘बाबा, आंबे आणलेत का?’ बाबा चकित होतात. त्यांना वाटते, पोराला कळते.

काही बाबांना पुढे शंका येते आणि ते गुपचूप रीसेट करतात. त्याचा उपयोग नाही. रीसेटने स्पीकर विसरतो, खाते विसरत नाही. जुने ध्वनिमुद्रण खात्यात शाबूत राहते. ते पुसायचे तर अॅपमध्येच जाऊन पुसावे लागते, आणि अॅप उघडायला पुन्हा बेंगळुरूचा ओटीपी.

यावर उपाय एकच. मुलाकडून स्पीकरची नोंदणी रद्द करून घ्यावी आणि आईच्या किंवा बाबांच्या नावाने, त्यांच्याच मोबाइल नंबरावर नवे खाते उघडून तो पुन्हा जोडावा. मागणी करताना कारण तयार ठेवावे. ‘आमचे आम्हाला काही खासगी आहे की नाही’ हे कारण खरे असले तरी देऊ नये. त्यावर मुलगा पुढच्याच शनिवारी तब्येत पाहायला येईल. ‘तुझ्या मीटिंगमध्ये आमच्या ओटीपीचा त्रास नको’ असे म्हणावे. यावर नोंदणी त्याच रात्री रद्द होते. खाते कोणाच्या नावावर, आईच्या की बाबांच्या, हे मात्र मुलाला फोन करण्यापूर्वी आपसात ठरवून घ्यावे.