विजेची वाट

मामलेदार कचेरीत अव्वल कारकून म्हणून बत्तीस वर्षे काढलेल्या मनुष्याला रांगेविषयी जो आदर वाटतो, तो रांगेत उभ्या राहिलेल्या रयतेला कधीच वाटणे शक्य नाही. कारण रांगेच्या ज्या टोकाला खिडकी असते त्या टोकाच्या आतल्या बाजूस माझी खुर्ची होती, आणि बाहेरच्या बाजूस तिष्ठत उभे राहण्याचा योग सेवानिवृत्तीनंतर, तोही सातासमुद्रापलीकडे फ्लॉरिडात लेकीकडे गेलो असता आला. चार वर्षांचा नातू आणि दोन वर्षांची नात यांना ऑर्लँडोजवळच्या डिस्नीच्या मॅजिक किंगडम या करमणूक-उद्यानात न्यायचे हे आमच्या आगमनापूर्वीच मुक्रर झाले होते. वाद उरला होता तो एवढाच की, प्रवेशाचे तिकीट काढल्यावर रांग चुकवण्यासाठी आणखी वेगळी रक्कम भरावी की भरू नये.

या सवलतीला तेथे ‘लायटनिंग लेन’, म्हणजे विजेची वाट, असे म्हणतात. १९९९ साली ही सोय ‘फास्टपास’ या नावाने निघाली तेव्हा ती फुकट होती. २०२१ साली तिचे नाव बदलले आणि नाव बदलताच तिला किंमत आली. ती किंमतही स्थिर नाही; बाजार समितीतल्या कांद्याप्रमाणे ती दिवसागणिक चढते-उतरते. त्याहून तालेवार मंडळींसाठी खासगी वाटाड्याची व्यवस्था आहे: दहा माणसांपर्यंत एक वाटाड्या, ताशी दर कित्येक शेकडे डॉलर, किमान सात तासांचा करार, आणि प्रवेशशुल्क निराळे. सात तासांपैकी चार तास आमची नात झोपेत काढणार हे उघड असल्यामुळे, निजलेल्या बालिकेला वाट दाखवण्यासाठी मनुष्य नेमावा काय, असा शेरा मारून ते प्रकरण मी दप्तरी दाखल केले.

जावईबापू संगणकाच्या व्यवसायात असल्यामुळे त्यांनी जेवणाच्या मेजावर आलेख मांडून वाचणाऱ्या मिनिटांचा हिशेब दाखवला. “बाबा, आपण वेळ विकत घेतोय,” असे ते म्हणाले. मी रात्री बसून नियमावली वाचली, आणि जुन्या सवयीने तिच्यावर टिपण लिहिले. तीन वर्षांखालील मुलाला तिकीट नाही, ही कलमातील दयाबुद्धी मला आवडली. पण दहाव्या वाढदिवशी मूल प्रौढांच्या दरात जाते, हे वाचून ज्या देशात अठरा वर्षांशिवाय कोणी सज्ञान होत नाही त्या देशाच्या वसुली खात्याविषयी माझा आदर दुणावला. मुख्य मुद्दा मात्र उंचीचा होता. ‘ट्रॉन’ला ४८ इंच, ‘स्पेस माउंटन’ला ४४, सात बुटक्यांच्या खाणगाडीला ३८, आणि नातवाची उंची, दाराच्या चौकटीला पाठ लावून, केस दाबून मोजली असता साडेसदतीस भरली. ज्या पाळण्यांच्या रांगा सर्वांत लांब त्यांपैकी बहुतेकांत त्याला मुळी प्रवेशच नव्हता! वर गंमत अशी की, आईबापांपैकी एकजण मुलाला घेऊन बाहेर थांबला, तर पहिला खाली उतरल्यावर दुसऱ्याला पुन्हा ती रांग न लावता सोडतात, आणि त्याबद्दल एक पैही घेत नाहीत. अर्ध्या इंचाने कमी पडणारे मूल हाच एक फुकटचा परवाना आहे, हे मी जावईबापूंच्या नजरेस आणले. परंतु नातवाचा असा उपयोग करण्याची कल्पना आमच्या लेकीस रुचली नाही.

खरे म्हणजे हा सगळा कारभार पूर्वी अधिक शहाणपणाने चालत असे. कॅलिफोर्नियातले पहिले डिस्नीलँड १९५५ साली उघडले, आणि त्याच वर्षी तेथे अक्षरांकित कुपनांची पुस्तके सुरू झाली: सर्वांत स्वस्त ते ‘ए’, आणि १९५९पासून सर्वांत महाग ते ‘ई’. लाकडी घोड्यांचे चक्र ‘ए’ मध्ये पडत असे. ज्या कोणा कारकुनाने ते दरपत्रक बांधले, त्याच्या घरी लहान मूल असले पाहिजे. कारण चार वर्षांच्या मनुष्यास जे सर्वांत प्रिय ते त्याने सर्वांत स्वस्त ठेवले होते. १९८२ साली ही पद्धत मोडीत निघाली.

आमच्या सौभाग्यवतींनी या चर्चेत एकच वाक्य घातले. पंढरपुरास आषाढीत दर्शनबारीत त्या एक दिवस आणि एक रात्र उभ्या राहिल्या आहेत. त्या म्हणाल्या, “अहो, बारी चुकवून घेतात त्याला दर्शन नाही म्हणत, भेट म्हणतात, आणि भेटीला साहेब लोक जातात.” सभेने हे म्हणणे ऐकून घेतले, आणि विजेची वाट बहुमताने मंजूर केली. मी तटस्थ राहिलो, कारण माझे गुडघे जावईबापूंच्या पक्षाला मिळाले होते.

सकाळी अकराच्या सुमारास आम्ही डंबो नावाच्या उडत्या हत्तीपाशी पोचलो. या हत्तीच्या साध्या रांगेची रचना मोठी चतुर आहे: गर्दी असली म्हणजे तंबूत एक खेळघर उघडतात, हातात एक थरथरणारे यंत्र देतात, आणि पाळी येईपर्यंत मुले घसरगुंड्यांवर मनसोक्त हुंदडतात. आम्ही मात्र पैसे भरलेले लोक. त्यामुळे तंबूच्या बाजूने सन्मानपूर्वक पुढे काढले गेलो, हत्तीवर बसलो, दीड-दोन मिनिटे आकाशात फिरलो आणि खाली आलो. नातवाने या सबंध काळात हत्तीकडे पाहिले नाही. तो वरून तंबूतून येणारा कल्लोळ ऐकत होता. खाली उतरताच त्याने विचारले, “आजोबा, आपल्याला तिथे का नाही जाऊ देत?” आपण श्रीमंत झालो म्हणून, हे उत्तर चार वर्षांच्या मुलाला समजावून सांगता येत नाही. त्याने भूमीवर लोळण घेऊन जी कैफियत मांडली, तिच्यापुढे मी कचेरीत ऐकलेल्या सर्व कैफियती फिक्या होत्या.

अखेर मी त्याला घेऊन साध्या रांगेत गेलो. यंत्र मिळाले, खेळघर मिळाले, मला बसायला बाक मिळाले. पाऊण तासाने यंत्र थरथरले. “चल, हत्ती आला,” मी म्हणालो. “हत्तीला सांगा, नंतर,” असे तो घसरगुंडीवरून म्हणाला, आणि मी आमची पाळी एका अनोळखी कुटुंबाला देऊन टाकली. आयुष्यात रांगेतली जागा कोणाला बहाल करण्याचा अधिकार मी प्रथमच वापरला, आणि तो वापरताना खिडकीआड बसलेल्या साहेबासारखे माझे मन प्रसन्न झाले.

संध्याकाळी दोन्ही मुले बाबागाडीत निजली. सिंडरेलाचा १८९ फुटांचा किल्ला दिव्यांनी उजळला होता. जावईबापू फोनकडे पाहून अस्वस्थ होत होते. पीटर पॅनच्या उडत्या जहाजाची आमची सर्वांची पाळी भरली होती, आणि ती तासाभरात बुडणार होती. लेकीने मान हलवली. सौभाग्यवतींनी किल्ल्याच्या शिखराकडे पाहून हात जोडले आणि म्हणाल्या, “आमचं कळसदर्शन झालं, जावईबापू. तुम्ही खुशाल जाऊन या.”

ते गेले. सहा फूट उंचीचा, भरल्या मिशांचा तो गृहस्थ, पुढे-मागे चिमुरड्यांची जहाजे असताना एकटाच एका जहाजात बसला, आणि पैसे वसूल करून अर्ध्या तासात परत आला. कसे काय होते, असे मी विचारले.

“बाबा,” ते जरा लाजून म्हणाले, “वरून रात्रीचं लंडन फार छान दिसतं.”