गिऱ्हाईक आलं, भट्टी पेटली

पेनसिल्वेनियात सस्क्वेहाना नदीतल्या थ्री माइल आयलंडवर २८ मार्च १९७९ला दुसऱ्या अणुभट्टीचा गाभा अर्धवट वितळला आणि अमेरिकेने अणुविजेची धास्तीच घेतली. त्या भट्टीचे दोन कूलिंग टॉवर तेव्हापासून कोरडे ठणठणीत उभे आहेत. शेजारची पहिली भट्टी निर्दोष. तरी तीही सहा वर्षं कुलपात राहिली. पुढे तिने मुकाट वीज दिली आणि २०१९ला ती बंद पडली. अपघाताने नव्हे, हिशेबाने! वायूची वीज स्वस्त होती. कंपनीने राज्याकडे हात पसरले, राज्याने ते रिकामेच परत पाठवले.

सप्टेंबर २०२४मध्ये मायक्रोसॉफ्ट दारात उभी राहिली. ८३५ मेगावॅट, २० वर्षं, सगळा माल आमचा. भट्टीची मालक असलेल्या कॉन्स्टेलेशन कंपनीला लगेच १.६ अब्ज डॉलर खर्चून भट्टी दुरुस्त करायची उमेद आली. आधी बारसं उरकलं: ‘क्रेन क्लीन एनर्जी सेंटर’. क्रेन म्हणजे एक्सेलॉन या वीज कंपनीचे दिवंगत प्रमुख. जुनं नाव ऐकून लोकांना १९७९ आठवतं, त्यापेक्षा हे बरं.

ही वीज खास तार टाकून मायक्रोसॉफ्टच्या दारी जाणार नाही बरं का. ती ओतली जाणार सगळ्यांच्या ग्रिडमध्ये, जिथे कोळसा, वायू, वारा यांची मिसळ आधीच उकळतेय. मायक्रोसॉफ्टची डेटा सेंटर्स ही मिसळच ओरपणार. पावतीवर मात्र शिक्का ‘शुद्ध सात्त्विक’. २०३०पर्यंत कार्बन-निगेटिव्ह होऊ, असं मायक्रोसॉफ्टने २०२०मध्ये छातीठोक सांगितलं होतं. मग एआय आलं आणि २०२४च्या अहवालात उत्सर्जन २०२०पेक्षा जवळपास तीस टक्क्यांनी वाढलेलं निघालं. शिक्क्याची घाई उगाच नाही.

भट्टी सुरू होण्याला माझी हरकत नाही. कोळशापेक्षा ती केव्हाही परवडली. पण हीच वीज, हीच भट्टी, २०१९ला माणसांच्या घरांसाठी महाग होती. आता मेटाने इलिनॉयमधली क्लिंटन भट्टी धरलीय, गुगलने आयोवातली २०२०ला बंद पडलेली ड्वेन अर्नोल्ड. कालची भंगार भट्टी आज लग्नाच्या बाजारात!

आणि राज्याने नाकारलेला तो हात नोव्हेंबर २०२५मध्ये वॉशिंग्टनने धरला: थ्री माइल आयलंडसाठी १ अब्ज डॉलरचं सरकारी कर्ज. गिऱ्हाईक जगातल्या सर्वांत श्रीमंत कंपन्यांपैकी एक आहे, हे तिथे कुणीतरी सांगायला हवं होतं.